खाण वाढणार, पण त्या रानात खापऱ्या निघतात

सीनाकाठचा: आमच्या बांधाला खडीची खाण हाय. क्रशरवाला आता शेजारची पांढर (जुन्या वस्तीची पांढऱ्या मातीची जागा) मागतोय. नांगरट झाली की तिथं काळ्या-तांबड्या खापऱ्या, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे वर येतात. आधी कुणी तपासणी करतं का? सुरुंग लागल्यावर काय ऱ्हाणार, खडीच की!

बार्शीकर: दादा, कायद्याने दर खाणीआधी पुरातत्त्व तपासणी सक्तीची नाही. खाणकाम-बांधकामाला १०० मीटर बंदी अन् पुढे २०० मीटर नियंत्रण, ते संरक्षित स्मारकाभोवतीच. त्यामुळे अर्ज तुम्हालाच करावा लागेल: राज्य पुरातत्त्व विभागाला, प्रत जिल्हाधिकाऱ्यांना. जनसुनावणी असेल तर लेखी हरकत नोंदवा. तोंडी बोललेलं हवेत जातं.

खापरवेडा: काळी-तांबडी म्हणजे सातवाहनकाळही असू शकतो, पण नुसत्या रंगावरून ठरवू नका. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरच्या लामतुरे पुराणवस्तू संग्रहालयात जाऊन ताडून बघा. तुकडे गोळा करू नका. जागेवरच मोजपट्टी ठेवून फोटो काढा, गट नंबर लिहा. खणू तर मुळीच नका, त्याला परवाना लागतो. नाणी सापडली तर १८७८ च्या निखात निधी (जमिनीत पुरलेला ठेवा) कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावंच लागतं.

सीनाकाठचा: गट नंबर हाय. शेजारच्या अण्णांना मात्र पैका दिसतोय, त्यांना कसं समजवू?

बार्शीकर: आधी अर्जाची पोच घ्या. अण्णांचं मग बघू.