मदत हवी आहे: बदामाच्या लाल पानातला लाल रंग कागदावर चढतच नाही

चाफेकळी
सातवीच्या विज्ञान प्रकल्पाला ‘पानांचे रंग का बदलतात’ हा विषय आहे. सोसायटीतल्या देशी बदामाची लालभडक पानं नेलपेंट रिमूव्हरमध्ये कुटली आणि टिपकागदाची पट्टी त्या रसात उभी केली. खाली हिरवट फराटा आणि त्याच्या वर फिकट पिवळा. लाल गायब! शिवाय पुस्तकात कारण दिलंय कडाक्याची थंडी आणि लहान दिवस. पुण्यात हे कसं लागू होणार? पुढच्या सोमवारी प्रकल्प द्यायचाय.

टेकडीकर
आधी दुसऱ्या प्रश्नाचं. पुस्तकातलं उत्तर मेपल-ओकच्या मुलखातलं आहे. लंडनला डिसेंबरात दिवस ८ तासांहून लहान असतो, जूनमध्ये १६ तासांहून मोठा. पुण्यात हाच फरक साधारण ११ ते सव्वातेरा तासांचा. इथली पानगळ मुख्यतः पाण्याच्या ताणाची. परतीचा पाऊस संपला की जमीन वाळत जाते, आणि पानं ठेवली तर त्यांतून पाणी उडत राहतं. म्हणून वेताळ टेकडीवरचं गिरिपुष्प उन्हाळ्याआधीच उघडंबोडकं होतं.

पान टाकण्याआधी झाड त्यातला ऐवज काढून घेतं, विशेषतः नायट्रोजन. त्यात हरितद्रव्य मोडतं. पिवळी कॅरोटिनॉइड्स पानात पहिल्यापासून असतात, हिरवा गेला की ती दिसू लागतात. लाल मात्र नव्याने तयार होतो. पानातल्या साखरेपासून अँथोसायनिन हे लाल रंगद्रव्य बनतं, त्यालाही ऊन लागतं. मग देठाच्या बुडाशी पेशींचा कमकुवत थर तयार होतो आणि पान तिथून सुटतं. पडलेल्या पानाचा देठ पाहा, टोक चाकूने कापल्यासारखं गुळगुळीत असतं. ओढून तोडलेल्याला साल चिकटून येते.

खलबत्ता
लाल न चढण्याचं कारण: हरितद्रव्य आणि कॅरोटिनॉइड तेलकट जातीची, ॲसिटोनमध्ये सहज उतरतात. अँथोसायनिन पाण्यात विरघळणारं, ते चोथ्यातच राहिलं. एकाच पट्टीवर सगळं दाखवायचा हट्ट सोडा, दोन प्रयोग करा.

पट्टीचा असा करा. एक हिरवं, एक अर्धं रंगलेलं, एक पूर्ण लाल पान घ्या, तिन्ही वेगवेगळी. मधली शीर काढा, बाकीचं बारीक कापून चिमूटभर मिठासोबत खलात घोटा, १० मिली रिमूव्हर घालून झाकून २० मिनिटं ठेवा. बाटलीवर ‘ॲसिटोन’ लिहिलेलं पाहून घ्या. ‘ॲसिटोनविरहित’ नको, आणि तेल-ग्लिसरीन घातलेलं असेल तर डाग पसरतो. खिडकी उघडी, गॅस बंद.

२ सेंमी रुंद, १२ सेंमी लांब पट्टी कापा. खालून २ सेंमीवर पेन्सिलने रेघ मारा. पेनची शाई स्वतःच वर चढते. रेघेवर काडीने बारीक थेंब ठेवा, वाळू द्या, परत ठेवा, असं १२-१५ वेळा. तुमचा रंग फिका आला तो इथेच. बरणीत रिमूव्हर जेमतेम १ सेंमी ओता. पातळी थेंबाच्या वर गेली तर सगळा रंग खालीच विरघळेल. पट्टी काचेला टेकू देऊ नका, झाकण लावा, ओल वरून १ सेंमीवर आली की बाहेर काढा. लगेच फोटो घ्या, उजेडात हिरवा पटकन उडतो.

हिरवा शेवाळी-तपकिरी दिसला तर पानातल्या आम्लाने हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम निघून गेलंय. पालेभाजीत चिंच पडल्यावर होतं तेच. पुढच्या वेळी घोटताना चिमूटभर खायचा सोडा घाला.

चाफेकळी
धन्यवाद! मग लालसाठी काय? लाल माठाचं पाणी तुलनेला ठेवलं तर चालेल?

खलबत्ता
माठ नको. माठ आणि बीट यांचा लाल वेगळ्याच जातीचा, बीटालेन. तुलनेला जांभळा कोबी घ्या, लिंबाने गुलाबी आणि सोड्याने निळा-हिरवा होतो.

बदामाची दोन लाल पानं कात्रीने बारीक करा. अर्धा कप गरम पाणी, एक चमचा लिंबाचा रस, १० मिनिटं. दुसऱ्या कपात हेच हिरव्या पानाचं. लालच्या कपाला गुलाबी झाक यायला हवी. सोडा घातल्यावर मात्र कोबीसारखी जादू होणार नाही, नुसतं मातकट दिसेल. बदामात टॅनिन हे तुरट द्रव्य भरपूर, मासे पाळणारे टाकीत ही सुकी पानं टाकतात तेव्हा पाणी चहासारखं होतं ते त्यामुळेच. म्हणून हिरव्या पानाचा कप हवाच, नाहीतर तपकिरीलाच लाल समजाल.

टेकडीकर
वेळ असेल तर झाडावरच एक करा. नुकत्याच रंगू लागलेल्या पानाच्या वरच्या बाजूला काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावा, शेजारी तेवढाच पारदर्शक. खालची बाजू मोकळी ठेवा, श्वसनाची छिद्रं बहुतेक तिथे असतात. काळ्याखालचा भाग कमी लाल राहिला तर उजेडाचा हात असल्याचं दिसेल. सोमवारपर्यंत होणार नाही, दोनेक आठवडे लागतील.

आणि तक्त्यावर पिंपळ-कुसुंबाची लाल पालवी चिकटवू नका, मुलं हमखास चिकटवतात. तीही अँथोसायनिनच, पण ती कोवळी पानं, हिरवी व्हायची बाकी असलेली.