संगीताच्या पदवीतलं कामाचं वर्ष : सोलापूरकरांनो, तुमचे अनुभव लिहा

एम.ए. संगीताला पहिल्याच वर्षी आता ओजेटी (ऑन जॉब ट्रेनिंग, म्हणजे कामाच्या जागी जाऊन शिकणं) आहे. चार क्रेडिट, क्रेडिटला ३० तास, म्हणजे १२० तास प्रत्यक्ष काम. इंग्लंडात शिकलेली माझी मावसबहीण सांगते, तिच्याकडे दुसऱ्या आणि शेवटच्या वर्षाच्या मधे अख्खं वर्ष बाहेर काम करता येतं. आपल्याकडे सही-शिक्क्यावर उरकणारे बरेच, त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. पण ओजेटीला गेले आणि त्याच जागी वर्षभर राबले असेही काहीजण सोलापुरात आहेत. हा धागा त्यांच्यासाठी. कुठे होतात, हातात काय पडलं, रियाजाचं काय झालं? यंदाची मुलं जागा शोधतायत, तेव्हा पैशाचंही मोकळेपणाने लिहा.

धुमाळी
मी तबल्याचा. वर्षभर वाद्यदुरुस्तीच्या दुकानात होतो. पहिले दोन महिने फक्त वादी (कातडं ताणून धरणारी चामड्याची पट्टी) सोडायची, भिजवायची, ओढायची. बोटांना चिरा पडायच्या आणि त्याच बोटांनी रात्री रियाज.

आठ वर्षं वाजवत होतो, पण शाई कशी लागते ते कधी पाहिलं नव्हतं. लोखंडाचा कीस आणि भाताची खळ. पातळ थर द्यायचा, दगडाने घोटायचा, तो बसला की पुढचा. घोटताना शाईला बारीक तडे जातात, ते जायलाच हवेत. त्याशिवाय खालचं कातडं मोकळं हलत नाही, तबला बोलत नाही. वर्गात आम्ही शाईला ‘काळा गोल भाग’ म्हणून सोडून दिलं होतं.

खरी परीक्षा आषाढीच्या तोंडावर. दुकानात पखवाजांची रांग लागते. दिंडीत पखवाज दिवसभर गळ्यात, वरून पाऊस, कातडं सैल पडतं. मोहोळकडचे एक बाबा आले. म्हणाले, “धुमेची पुडी बदल लेकरा, शाईकडची राहू दे. तिचा आवाज माझ्या हातात बसलाय.” धुमा म्हणजे पखवाजाची डावी, खर्जाची बाजू; पुडी म्हणजे तिच्यावरचं कातडं. उस्तादांनी ते काम माझ्याकडे दिलं. मी पुडी चढवली, आवाज खाली यावा म्हणून कणीक लावली, पुन्हा थोडी काढली. बाबांनी तीन थापा मारल्या, डोळे मिटले आणि पखवाज उचलून चालायला लागले. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही इतका आनंद झाला.

पहिले सहा महिने पैसे नव्हते, नंतर महिना तीन हजार.

कोमल धैवत
पूर्व भागातला एक छोटा रेकॉर्डिंग स्टुडिओ. एकाच दिवसात मराठी भक्तिगीत, तेलुगू लग्नाचं गाणं, कन्नड वचन (शिवशरणांची भक्तिरचना). संक्रांतीच्या आधी, गड्ड्याची यात्रा जवळ आली की ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांच्या गाण्यांना रात्रही पुरायची नाही.

माझं काम सुरुवातीला देवनागरीत शब्द लिहून देण्याचं होतं. तिथेच कान उघडला. तेलुगू शब्द बहुतेक स्वरावर संपतो, त्यामुळे ओळीच्या शेवटी आवाज लांबतो आणि मराठी गायक श्वास नेमका चुकीच्या जागी तोडतो. हे मला एका आजींनी शिकवलं. त्या मागावर काम करायच्या आणि सुट्टीच्या दिवशी कोरसला यायच्या.

मागच्या गल्लीत यंत्रमाग. लो-कट (खालचे जाड आवाज गाळणारा फिल्टर) लावला की गुरगुर जाते, खटखट जात नाही. मग माग थांबतील तेव्हा, पहाटे, गाणं घ्यायचं. पहाटे आवाज जड असतो म्हणून गायकाला चारला उठवून गरम पाणी पाजणं हेही माझंच काम!

मींड
मी सहा महिन्यांत सोडलं, तेही वाचा. एका कार्यक्रम-आयोजकाकडे होते. सतरंज्या, पासेस, पाहुण्यांची गाडी. हुतात्मा स्मृती मंदिरात विंगेत उभं राहून मोठमोठे गवई ऐकायला मिळाले, ते मी विसरणार नाही. पण ठरलेलं मानधन मिळालं नाही आणि सकाळचा खर्जाचा (खालच्या स्वरांचा) रियाज पूर्ण सुटला. गुरुजी एवढंच म्हणाले, “षड्ज ढिला झालाय.” तो परत बसायला वर्ष गेलं. जागा घेताना तास आणि पैसे कागदावर घ्या, लाजू नका.

पांढरी चार
शाळेत संगीतशिक्षिका म्हणून. एका वर्गात साठ मुलं, एक पेटी. माझा स्वर काळी पाच (म्हणजे पेटीच्या पाचव्या काळ्या पट्टीवर माझा सा), म्हणून परिपाठही त्याच पट्टीत घ्यायचे. मुलं खाली नुसती घोगरी पुटपुटायची आणि मी त्यांना बेसूर समजत होते. एक दिवस पट्टी चढवून काळी दोन केली. राष्ट्रगीताचे ते ५२ सेकंद मैदानावर असे वाजले की शिपाईमामा घंटेपाशी थांबून राहिले. साठातली पन्नास तरी सुरात होती. पहिले चार महिने मी त्यांना उगाच रागावले, त्याची खंत अजून आहे.

जवारी
मी सोलापूर सोडून मिरजेला गेलो, सतारमेकरांच्या गल्लीत. तिथे कळलं की तंबोऱ्याचे भोपळे येतात आपल्याच जिल्ह्यातून, पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला. आपल्या शेतकऱ्याचं नाव त्यात कुठे ऐकू येत नाही, ते यायला हवं.

वर्षभरात मी एकच गोष्ट नीट शिकलो : घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) घासून जवारी, म्हणजे तारेचा गुंजणारा झणत्कार, काढणं. कानस एकदा जास्त फिरली की आवाज बोथट होतो, मग पुन्हा पहिल्यापासून. शेवटच्या आठवड्यात उस्तादांनी एक जुना तंबोरा पुढ्यात ठेवला आणि बाहेर चहाला गेले. मी घासत होतो, तारेखालचा दोरा केसभर सरकवत होतो. खर्जाची तार अचानक उघडली, तिच्यातून आपोआप उमटणारा गंधार (ग) स्पष्ट ऐकू यायला लागला. बाहेरून उस्तादांचा आवाज आला, “आता हात काढ.”