प्रति: ऑफिस आणि हॉटेल, बाकी इंग्लंड दिसतंय कुठे

ऑफिसच्या कामाने इंग्लंडला गेलं की दुपारी चारलाच अंधार पडतो, ऑफिस आणि हॉटेल सोडून काही दिसत नाही, असं या चर्चेत वर एकाने लिहिलंय, ते डिसेंबरपुरतं खरं आहे. पण जूनमध्ये जाणाऱ्यांनी ते अजिबात मनावर घेऊ नका. मी पहिल्यांदा इंग्लंडमधल्या रेडिंगला गेलो तो जूनमध्येच, साडेपाचला क्लायंटकडून सुटलो की सूर्यास्ताला अजून पावणेचार तास, म्हणजे जेवून परत भटकायला मोकळे!

आणि इथे कुणी पब्लिक फुटपाथबद्दल बोललंच नाही. रस्त्याकडेचा फुटपाथ नव्हे, शेतांतून जाणारी पायवाट. जमीन खासगी असली तरी तिथून चालायचा हक्क कायद्याने सगळ्यांना आहे. खांबावर पिवळा बाण असला की पायी जायची वाट, निळा असला तर घोडे आणि सायकलीही चालतात. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेच्या १:२५,००० प्रमाणाच्या नकाशात या वाटा हिरव्या तुटक रेषांनी दाखवलेल्या असतात, तो नकाशा घ्याच.

पहिल्या शनिवारी असा एक बाण थेट गव्हाच्या शेतात शिरत होता आणि मी फाटकाशीच थबकलो, दुसऱ्याच्या उभ्या पिकात पाय टाकायचा नाही हे लहानपणापासून अंगात भिनलेलं. मागून कुत्र्याला घेऊन एक आजी आल्या, हसून म्हणाल्या जा की, वाट तुझीच आहे. एक माणूस जाईल एवढीच पट्टी, दोन्ही बाजूंना मांडीपर्यंत गहू, आणि तोही जूनमध्ये हिरवागार, आपल्याकडे मार्चमध्येच कापून होतो. हाताला ओंब्या लागत होत्या. त्या दिवशी नऊ वाजेपर्यंत चालत होतो.