भाड्याचे सॉफ्टवेअर आणि स्वतःचे अक्षरकाम

वडसेकर
देसाईगंज-वडशात झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भाच्या, नाटकांची पोस्टरे करण्याचा माझा अठरा वर्षांचा धंदा आहे. मंडईच्या जत्रा आणि शंकरपटाच्या बैलशर्यतींच्या दिवसांत एकाच पोस्टरवर गाव, तारीख आणि मंडळाचे नाव बदलून एका रात्रीत सात-आठ प्रती छपाईला द्याव्या लागतात, त्यामुळे हाताला बसलेले सॉफ्टवेअर अशा वेळी सोडणे म्हणजे ऐन रोवणीत बैलजोडी बदलणे होय. गेल्या महिन्यात २०११ सालचे एक पोस्टर नव्या संगणकावर उघडले, तर नाटकाच्या नावाच्या जागी रोमन अक्षरे आणि स्वल्पविरामांचा कचरा दिसला. अ‍ॅडोबी या डिझाइन सॉफ्टवेअरच्या कंपनीने २०१३ मध्ये कायमचे विकत मिळणारे सॉफ्टवेअर मागे टाकून भाड्याची पद्धत आणली. भाडे थकले की स्वतःचीच फाइल परकी होते.

मी फावल्या वेळात आमच्या भागातील एका दिवंगत पेंटरची अक्षरे जुन्या दुकानपाट्यांवरून बटर पेपरवर उतरवून घेत आहे. पोटाचे काम कोणत्याही सॉफ्टवेअरवर करावे, पण असे मनाचे काम भाड्याच्या घरात ठेवू नये, असे माझे मत आहे. म्हणून ते मी इंटरनेट नसलेल्या जुन्या संगणकावरच करतो.

ब्रह्मपुरीकर
भाऊ, दुखणे खरे आहे, पण दोष चुकीच्या माथी मारला आहे. तुमचे पोस्टर नव्या सॉफ्टवेअरने बिघडवलेले नाही. जुन्या फाँटमध्ये रोमन अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवलेले असत, त्यामुळे तो फाँट नसला की खालचे रोमन उघडे पडते. युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा संकेत देणारी जागतिक पद्धत, आणि देवनागरी तिच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. आपणच पानजुळणीच्या पेजमेकर या जुन्या सॉफ्टवेअरला चिकटून राहिलो, ज्याची शेवटची आवृत्ती २००१ ची आहे आणि ज्याला युनिकोड कळतच नाही. त्याच्या जागी आलेले इनडिझाइन २०१२ च्या सीएस६ आवृत्तीपासून जोडाक्षरे नीट जुळवते. पेंटरची अक्षरे युनिकोड फाँट झाली नाहीत, तर ती बटर पेपरवरच पिवळी पडतील आणि गडचिरोलीच्या एखाद्या पोराला त्यांत आपल्या गावाचे नावही लिहिता येणार नाही.

जुना जुळारी
दोघेही लहान आहात. आम्ही छापखान्यात शिशाचे अक्षरखिळे जुळवत होतो तेव्हा 'ज्ञ' झिजला की खिळे ओतणाऱ्या फाउंड्रीचे पार्सल येईपर्यंत छपाई अडून राहत असे, तेव्हा परावलंबन नवे नाही. ऑफसेट आल्यावर माझे खिळे भंगारात किलोवर गेले. निदान वजनाचे पैसे तरी मिळाले. तुमचे भाडे भरून झाल्यावर विकायला काय उरते, ते सांगा.

वडसेकर
ब्रह्मपुरीकर, फाँटच्या संकेतांबद्दलचे तुमचे म्हणणे मान्य आहे आणि तेवढा भाग मी मागे घेतो. मालकीचा प्रश्न मात्र सुटत नाही. ऑनलाइन डिझाइनच्या कॅनव्हा कंपनीने २०२४ मध्ये अफिनिटी हे डिझाइन सॉफ्टवेअर विकत घेतले आणि २०२५ मध्ये ते फुकट केले, पण वापरायला कॅनव्हाचे खाते लागते. फुकटाच्या दाराची किल्ली पुन्हा दुसऱ्याच्याच खिशात आहे. इंकस्केप या खुल्या सॉफ्टवेअरची एसव्हीजी ही चित्राची फाइल साधा मजकूर म्हणून वाचता येते, एवढ्यासाठी मी तिकडे वळलो.

राहिला प्रश्न ती अक्षरे फाँट करण्याच्या घाईचा. त्या पेंटरच्या पाकळीच्या 'ल'ची दुसरी पाकळी पहिलीपेक्षा बारीक आहे, कारण तिथे पोहोचेपर्यंत ब्रशमधला रंग संपत आलेला असे. एका किराणा दुकानाच्या पाटीवर तर तिच्या टोकाला केसांचे तीन ओरखडे दिसतात. आकार आपोआप गिरवून (ट्रेस करून) घेतला की सॉफ्टवेअर ते ओरखडे पुसून दोन्ही पाकळ्या गुळगुळीत करते. मला तो 'ल' तसाच हवा आहे, म्हणून एकेक बिंदू हाताने बसवतो आहे आणि सहा महिन्यांत जेमतेम एकोणीस अक्षरे झाली आहेत.

ब्रह्मपुरीकर
ओरखडे फाँटमध्येही ठेवता येतात, त्याला सॉफ्टवेअरची मनाई नाही. एकोणीस अक्षरांची गती पाहता जोडाक्षरांपर्यंत तुम्ही कधी पोहोचणार, हा प्रश्न उरतोच. आणि ती एकोणीस अक्षरे त्या जुन्या संगणकाशिवाय आणखी कुठे ठेवली आहेत का? त्याची हार्ड डिस्क बसली, तर इंटरनेट नसण्याचा अभिमान काय कामाचा?

वडसेकर
पेन ड्राइव्हवर आहेत. तो मात्र त्याच टेबलाच्या खणात असतो, हे खरे आहे.