मदत हवी आहे: मेणवलीत मुलांसाठी पंप ट्रॅक आणि सायकलवाट, जागा व माती कशी निवडावी?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. वाईपासून तीन किलोमीटरवर, कृष्णेच्या काठी मेणवली. गावातल्या ८ ते १५ वयाच्या मुलांसाठी मातीचा छोटा पंप ट्रॅक करायचा आहे. पायडल न मारता, उंचवट्यांवर अंग वर-खाली करत फिरायचं, तसा. त्याला जोडून धोम धरणाच्या दिशेने चार-पाच किलोमीटरची सायकलवाट. सायकली बहुतेक २० इंची, बिनगिअरच्या.

जागा दोन आहेत. एक नदीलगत, सपाट, काळ्या मातीची, झाडांच्या सावलीत. दुसरी गावाच्या वरच्या अंगाला, गायरानात, मुरमाड आणि थोडी उताराची, साधारण ३५ बाय १५ मीटर. गावाचा कल नदीकडच्या जागेकडे आहे. धरणातला गाळ फुकट मिळेल, तोच भरावाला वापरावा असंही म्हणणं आहे. जेसीबी दोन दिवस मिळेल. मुरूम किती लागेल, वाट नदीकाठाने नेली तर चालेल का, आणि दरवर्षी पावसाने वाहून जाऊ नये म्हणून काय करावं?

पोयटा
नदीकडची जागा सोडा. सावली जाते याचं वाईट वाटतं, पण दोन कारणं पक्की आहेत.

पहिलं पूररेषेचं. निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी, लाल म्हणजे १०० वर्षांतल्या. नदी आणि निळी रेषा यांच्यामध्ये भरावाला मनाई असते, आणि धोमचे दरवाजे उघडले की पाणी तिथेच पसरणार. जलसंपदा खात्याच्या कार्यालयात नकाशा पाहून मगच बोला.

दुसरं मातीचं. काळी माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की भेगाळते. त्यावर कितीही चांगला मुरूम दाबलात तरी खालचा थर हलत राहतो. पहिल्या पावसाळ्यानंतर उंचवटे बसतात, मार्चमध्ये भेगांत पुढचं चाक अडकतं. धरणाचा गाळही तसाच बारीक, म्हणून तो भरावाला अजिबात नको. शेतात टाका, तिथे त्याचं सोनं होईल.

गायरान चांगलं. पण ते सरकारी असतं, नुसता ग्रामसभेचा ठराव पुरत नाही. ठराव, सातबारा आणि नकाशा जोडून तहसीलदारांमार्फत जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्या. मुरूम गौण खनिजात मोडतो, त्यामुळे रॉयल्टीची पावती आणि वाहतुकीचा पास असल्याशिवाय ट्रॉली रस्त्यावर आणू नका.

मुरूम निवडताना बाटलीचा प्रयोग करा. पारदर्शक बाटलीत एक तृतीयांश माती, वर पाणी, चिमूटभर मीठ. जोरात हलवून ठेवून द्या. वाळू मिनिटाभरात बसते, पोयटा (वाळूहून बारीक गाळमाती) दोन तासांत, चिकणमाती दुसऱ्या दिवशी. तिन्ही थरांच्या बेरजेत चिकणमाती पाचवा ते चौथा हिस्सा असेल तर तो मुरूम वरच्या थराला उत्तम. त्याहून कमी असेल तर उन्हाळ्यात भुगा होतो, जास्त असेल तर पावसात घसरडं.

चाकजोड
मापं देतो. ३५ बाय १५ मध्ये लांबट गोल बसतो: २२ मीटरच्या दोन सरळ बाजू आणि टोकांना ३ मीटर त्रिज्येची दोन वळणं. म्हणजे मधल्या रेषेवर सुमारे ६३ मीटर. चाकाखालची रुंदी २ मीटर.

उंचवटा ३५ सेमी, एका माथ्यापासून पुढच्या माथ्यापर्यंत ३.२ ते ३.५ मीटर. साधं गणित: उंचीच्या नऊ-दहा पट अंतर. हे अंतर कमी झालं की २० इंची सायकल दोन उंचवट्यांत ठेचकाळते आणि वेग मरतो. फार वाढलं की मुलं पायडल मारायला लागतात. प्रत्येक सरळ बाजूला सहा उंचवटे पुरेत. शेवटचा उंचवटा आणि वळणाची सुरुवात यांत निदान अडीच मीटर मोकळे ठेवा, नाहीतर चाक पुरतं टेकण्याआधीच हँडल वळवावं लागतं. पडापडी सगळ्यात जास्त इथेच होते.

वळणाची भिंत १ मीटर उंच, ४५ अंशांच्या आसपास कललेली, आतून किंचित खोलगट. तिचा मागचा उतार निवांत ठेवा आणि त्यावर हरळी लावा.

भराव: खालचा ३० सेमीचा उठाव, उंचवटे, भिंती मिळून दाबलेले ९० घनमीटर. दाबल्यावर माती बसते म्हणून सैल ११० धरा, म्हणजे साधारण ४० ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत एक ब्रास मावतो, त्यावरून फेऱ्यांचा हिशेब करा.

जेसीबीने फक्त ढीग आणि ढोबळ आकार करून घ्या. दोन दिवस त्याला पुरतात. बाकी फावडं, घमेलं आणि प्लेट कॉम्पॅक्टर (माती दाबायचं मशीन). १५ सेमीचा सैल थर, ओलावून दाबणं, मग पुढचा थर. ओल किती? मूठ आवळून गोळा करा, कमरेच्या उंचीवरून सोडा. दोन-चार तुकडे झाले तर बरोबर, भुगा झाला तर पाणी कमी, चपटा झाला तर जास्त. वळणाच्या भिंतीवर मशीन उभं राहत नाही, तिथे धुम्मसच, म्हणजे हाताने ठोकायचा ठोकळा. शेवटचे ५ सेमी १० मिलिमीटरच्या चाळणीतून चाळलेल्या मुरमाचे.

समपातळी
वरच्या दोन्ही प्रतिसादांत पाण्याची वाट राहिली. ट्रॅकचा गोल बंद असतो, म्हणून मधल्या जागेत पाऊस कोंडतो आणि भराव पायथ्यापासून भिजतो. भराव टाकण्याआधीच मधल्या जागेला एका बाजूला दोन टक्के उतार द्या, आणि सगळ्यात खालच्या बिंदूवर ट्रॅकखालून ११० मिलिमीटरचे दोन पीव्हीसी पाइप काढा. तोंडाला जाळी हवीच, पाला अडकतो. वरच्या अंगाला एक चर खणा, म्हणजे गायरानाच्या उताराचं पाणी ट्रॅककडे येणारच नाही.

आता वाट. नदीकाठाने कायमची वाट नको. सपाट काळ्या जमिनीत पाणी वाटेवरून निघत नाही, चाकोरी पडते, मुलं चिखल टाळायला बाजूने जातात आणि वाट रुंदावत राहते. तो भाग फक्त दिवाळीनंतर ते मेअखेर वापरा, तोही काठापासून दहा-बारा मीटर आत. पाण्यापर्यंत उतरणारी वाट खणू नका. पुढच्या पुरात तीच घळ होते. मेणवलीच्या नदीघाटाच्या चंद्रकोरी पायऱ्यांवर चाक चढवू नका. सायकली अलीकडेच लावायची सोय करा.

मुख्य वाट गायरानातून डोंगराच्या पायथ्याने धोमकडे न्या. वनखात्याची हद्द आधी पाहून घ्या. वाटेत शेतांचे बांध येतील, त्यांच्या मालकांची लेखी संमती घ्या. आखणीला बांबूची ए-फ्रेम (इंग्रजी ए आकाराची, मध्ये ओळंबा लावलेली चौकट) वापरा, सलग समपातळी चर आखतात तीच. दोन पायांत २ मीटर अंतर ठेवा आणि एका पायाखाली १४ सेमीचा ठोकळा बांधा. ओळंबा मध्यावर आला की चढ बरोबर ७ टक्के. कुठेही डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून जास्त चढ देऊ नका, नाहीतर पाणी वाट ओलांडण्याऐवजी वाटेनेच धावतं.

रुंदी ९० सेमी, पूर्ण खोदून घेतलेली. काढलेली माती कडेला थापून रुंदी वाढवू नका, ती कडा पहिल्याच वर्षी निसटते. दरीकडे पाच टक्के कल, म्हणजे दोन कडांत साडेचार सेमी फरक, पाणसळीवर तपासा. दर १०-१५ मीटरला थोडा उलटा चढ देऊन खोलगट करा, म्हणजे पाणी तिथून बाहेर पडेल. ओढ्यात मोठे चपटे दगड दोन-तृतीयांश जमिनीत पुरून पिचिंग, म्हणजे दगडी फरसबंदी, करा.

कृष्णाकाठ
मनापासून आभार. गायरानाचं पक्कं करतो. वरच्या थरात पाच टक्के सिमेंट मिसळलं तर देखभाल कमी होईल असं एक गवंडी म्हणतात. आणि मोठा प्रश्न बाभळीच्या काट्यांचा, वरच्या वाटेवर पंक्चर रोजचंच होईल.

चाकजोड
सिमेंट नको. कडक पापुद्रा होतो, खालचा मुरूम जरा बसला की तो तडकतो आणि ढपले निघतात. मग आकार दुरुस्त करायला फोडावंच लागतं. मातीचा ट्रॅक अर्ध्या तासात फावड्याने नीट होतो, हाच त्याचा मोठा फायदा.

पोयटा
सिमेंटबद्दल थोडा मतभेद. उंचवट्यांवर नको हे बरोबर, पण सुरुवातीचा ओटा, जिथे मुलं रांगेत पाय घासतात, तिथे चालेल. देखभाल म्हणाल तर उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांआड संध्याकाळी झारीने पाणी. पावसाळ्यात अंगठ्याने दाबून पाहायचं: एक सेमीहून खोल ठसा उमटला तर त्या दिवशी ट्रॅक बंद. फेऱ्या एकाच दिशेने, आणि हेल्मेटशिवाय कुणालाही सोडू नका.

समपातळी
काट्यांसाठी: वाट आखताना दोन्ही बाजूंना दीड मीटरपर्यंतच्या बाभळीच्या फांद्या छाटा, आणि छाटलेलं वाऱ्याच्या खालच्या अंगाला टाका. नुसतं कडेला टाकलं तर तेच काटे परत वाटेवर येतात. टायर आणि ट्यूब यांच्या मधे जुन्या ट्यूबची कापलेली पट्टी घाला, कडा सँडपेपरने पातळ करून, नाहीतर तीच कडा नव्या ट्यूबला घासते. हवा ट्रॅकवर ३५ ते ४० पीएसआय. त्याहून कमी ठेवली तर उंचवट्यावर रिम ट्यूबला चिमटते आणि साप चावल्यासारखी दोन भोकं पडतात. तसं पंक्चर दिसलं तर काटा शोधत बसू नका, पंप घ्या.