चाळकेवाडीच्या वाऱ्याचा मिथेन करावा का?

कृष्णाकाठ: पावसाळ्यात चाळकेवाडी-वनकुसवड्याच्या (सातारा जिल्ह्यातलं पवनचक्क्यांचं पठार) पवनचक्क्यांना वारा जोरात आणि नेमके तेव्हाच शेतीपंप बंद, म्हणजे वीज नकोशी. ती मिथेन वायू करून साठवावी का? चार तासांची साठवण बॅटरी करते, चार महिन्यांची नाही. कराड-सांगली पट्ट्यातल्या डिस्टिलऱ्यांच्या फर्मेंटरमधून (मळी आंबवायच्या टाक्या) कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. तो आणि इलेक्ट्रोलायझरचा (विजेने पाणी फोडणारं यंत्र) हायड्रोजन ३००-४०० अंशांवर निकेलच्या कॅटॅलिस्टवरून (उत्प्रेरक) नेला की मिथेन आणि पाणी. रोज ३०,००० लिटर अल्कोहोलमागे सुमारे २२ टन कार्बन डायऑक्साइड, म्हणजे ८ टन मिथेन. जर्मनीत वेर्ल्टेला २०१३ मध्ये असा ६ मेगावॉटचा प्लांट झालाय.

हिशेबनीस: किलोभर मिथेनला अर्धा किलो हायड्रोजन, त्याला २६ युनिट. ४ रुपयांनी १०४ रुपये नुसती वीज! केंद्राच्या 'सतत' योजनेत २०१८ साली सीबीजीचा (कॉम्प्रेस्ड बायोगॅस, तोही मिथेनच) दर ४६ रुपये किलो होता. परत वीज करायची तर १०० युनिटांतले ३०-३५ हाती. पंप्ड स्टोरेज (पाणी वर चढवून ठेवायचं, हवं तेव्हा खाली सोडून वीज) ७५-८० देतं, आणि घाट दारातच आहे.

कृष्णाकाठ: परत वीज कोण करतंय? गाडीत भरा. आणि नको असलेल्या विजेला ४ रुपये कशाला धरता?

हिशेबनीस: मग इलेक्ट्रोलायझर वर्षातले मोजकेच तास चालणार. हप्ता मात्र बारा महिने.

निकेल: पैशाआधी रिॲक्टर बघा. मोलमागे १६५ किलोज्यूल उष्णता सुटते. बेडमध्ये (कॅटॅलिस्टचा थर) एकाच जागी ५५०च्या वर गेलं की निकेलचे कण एकमेकांना चिकटतात, कॅटॅलिस्ट मेला. म्हणून थर पाडून मध्ये कूलर लावायचे. फर्मेंटरच्या वायूबरोबर फेस, अल्कोहोलची वाफ आणि गंधक येतं. म्हणून आधी पाण्याचा स्क्रबर (पाण्याने वायू धुणं), मग ॲक्टिव्हेटेड कार्बन, शेवटी गरम झिंक ऑक्साइड. गंधक जेमतेम सुटलं तरी निकेल बसतंच. वारा पडला तर बेड थंड होऊ द्यायचा नाही, म्हणजे हायड्रोजनची बफर टाकी आलीच.

पाटणचा पाऊस: राव, बायोकंपोस्टवाल्या (सांडपाण्याचं खत करणाऱ्या) डिस्टिलऱ्या पावसाळ्यात बंद असतात. वारा आहे तेव्हा वायू नाही! आणि गॅस ठेवणार कुठं? ३००० लिटरच्या कॅस्केडमध्ये (सिलिंडरांचा संच) २०० बारला ४५० किलो मावतो. रोज १८ कॅस्केड. खाली काळा कातळ, रिकामी गॅसविहीर नाही.

कृष्णाकाठ: वेळेचा मुद्दा मान्य. मग हायड्रोजन थेट प्रेसमडच्या (साखर कारखान्याची गाळमळी) डायजेस्टरमध्ये, म्हणजे बायोगॅसच्या टाकीत, सोडा. ५५ अंशांवर जंतूच मिथेन करतात, गंधक सोसतात, बंद-चालू चालतं.

निकेल: हायड्रोजन पाण्यात फारसा विरघळत नाही, बारीक बुडबुडे करायलाच वीज जाते. त्यात कार्बन डायऑक्साइड संपला की पीएच ८.५च्या वर, आणि तुमचे जंतू संपावर.