मदत हवी आहे: कॅसेटवरचं ऐंशीच्या दशकातलं सोल-डान्स गाणं आणि त्याचं रीमिक्स ओळखायचं आहे

प्रश्न (धागाकर्ता: फेरिक९०)

लंडनमध्ये रेडिओवरून भरलेली एक ९० मिनिटांची कॅसेट आहे. कार्डावर एक अक्षर लिहिलेलं नाही. ए बाजूला एक मध्यम लयीचं गाणं आहे: बाई आणि पुरुष मिळून गातात, खाली ड्रममशीन, आणि 'कॉन्टेम्प्लेटिंग' हा शब्द स्वच्छ कळतो. बी बाजूला तेच आवाज, पण ठेका, बेस, कीबोर्ड सगळं वेगळं. शझाम (गाणं ऐकून नाव सांगणारं अ‍ॅप) दोन्हींवर गप्प. सूर किंचित चढलेला वाटतो. कॅसेट डेक, लॅपटॉप आणि ऑडॅसिटी (आवाज संपादनाचं सॉफ्टवेअर) हाताशी आहे. सुरुवात कुठून करू?

उत्तर (सुईखाच)

आधी वेग दुरुस्त करा, नाव नंतर सापडेल. शझाम आवाजातल्या ठळक शिखरांची कंपनसंख्या आणि त्यांच्यातलं अंतर जुळवतं. टेप दोन-तीन टक्के जरी पळत असेल तरी दोन्ही सरकतात आणि जुळणी बिघडते.

वेग मोजायला टेपवरच पट्टी असते: विजेची घरघर. ब्रिटनमध्येही वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे रेकॉर्डिंगच्या वेळी घुसलेली घरघर ५० वरच दिसायला हवी. दोन गाण्यांमधली शांत जागा निवडा, निदान १० सेकंद. तेवढा तुकडा वेगळ्या ट्रॅकवर घेऊन ८००० हर्ट्झला रीसॅम्पल करा (सेकंदाला तेवढेच नमुने ठेवा), मग प्लॉट स्पेक्ट्रम (कंपनसंख्यांचा आलेख) उघडून साइझ ६५५३६ ठेवा. ४४१०० वर हेच केलंत तर रेघा ०.६७ हर्ट्झ अंतरावर पडतात, म्हणजे मापच भोंगळ. ८००० वर ते अंतर ०.१२ होतं.

इथे हमखास फसायला होतं. तुमच्या डेकचीही स्वतःची घरघर असते आणि ती कायम ५० वरच दिसते. कॅसेट न घालता प्ले दाबून १० सेकंद भरा. त्यात दिसणारं शिखर डेकचं, ते सोडून द्या. त्याच्या शेजारी थोडं सरकलेलं दुसरं शिखर असेल तर ते टेपचं.

दुरुस्ती 'चेंज स्पीड'ने करा. 'चेंज टेम्पो' फक्त लय बदलतो, सूर तसाच चढा राहतो.

आणि लॅपटॉपच्या माइकच्या भोकात डेक जोडू नका, आवाज फाटतो. साधा यूएसबी इंटरफेस घ्या, डेकच्या लाइन-आउटमधून, शिखरं −६ डेसिबलच्या आत.

उत्तर (अझिमथ)

त्याआधी हेडचा (टेप वाचणाऱ्या भागाचा) कोन बदलणारा स्क्रू बघा. आवाज मोनो करून ऐकत स्क्रू अगदी हलक्या हाताने, पाव फेऱ्याहून कमी, फिरवा. हाय-हॅट (ड्रमची झांज) सर्वांत लख्ख ऐकू येईल तिथे थांबा. या वेळी डॉल्बी (टेपची खरखर कमी करणारी सोय) बंद ठेवा, नाहीतर कान फसतो. मूळ जागेची खूण आधी करून ठेवा.

फेरिक९०

टेपचं शिखर ५१.४ वर आलं. −२.७२ टक्के केलं आणि ए बाजू लगेच ओळखली गेली: लूज एंड्स, 'हँगिन ऑन अ स्ट्रिंग'. बी बाजू अजून नाही.

उत्तर (सुईखाच)

शीर्षकात पुढे 'कॉन्टेम्प्लेटिंग' कंसात आहे, तो शब्द तुम्ही बरोबर ऐकलात. लंडनचं त्रिकूट: कार्ल मॅकिंटॉश, जेन यूजीन, स्टीव्ह निकोल, निर्माता फिलाडेल्फियाचा निक मार्टिनेली. १९८५ मध्ये हे गाणं अमेरिकेत बिलबोर्डच्या ब्लॅक सिंगल्स यादीत पहिल्या क्रमांकावर होतं. आज आपल्याकडे ते कोणी लावत नाही, याचं वाईट वाटतं. इतका मोकळा, श्वास घेणारा ठेका त्या काळातही कमी ऐकायला मिळायचा.

बी बाजू बहुधा १९९२ चं फ्रँकी नकल्सचं रीमिक्स. शिकागोच्या 'वेअरहाऊस' क्लबमधून हाऊस संगीत ज्याच्या हातून घडलं, तोच हा. टेपचा वेग सुधारूनही जुळत नाही, कारण डीजेने तबकडीचा वेगच कमी-जास्त केला असेल. टेक्निक्स एसएल-१२०० या डीजेंच्या टर्नटेबलवर वेग ±८ टक्के बदलणारी सरकपट्टी असते. घरघरीला याचा पत्ता लागत नाही.

म्हणून लय मोजा. पहिला ठोका 'शून्य' म्हणून ३२ पर्यंत मोजा. १९२० भागिले लागलेले सेकंद म्हणजे मिनिटाचे ठोके. पहिल्यालाच 'एक' म्हटलंत तर ३१ अंतरंच मोजली जातात आणि तीन टक्क्यांची चूक होते, म्हणजे आपण शोधतोय जवळपास तेवढीच. रीमिक्स स्ट्रीमिंगवर लावून तिथेही असंच मोजा आणि जो फरक येईल तेवढा वेग बदला.

उत्तर (अझिमथ)

तबकडी घेणार असाल तर १९८५ च्या १२ इंची तबकडीवर 'एक्स्टेंडेड' दिसलं म्हणून १९९२ चं समजू नका. ते मूळ वाद्यांचंच लांबवलेलं रूप. १९९२ मध्ये आवाज ठेवून खालचं संगीत नव्याने बांधलं. खरेदीआधी विक्रेत्याकडून लेबलाचा आणि लेबलाशेजारच्या कोऱ्या कड्यावर कोरलेल्या आकड्यांचा तिरक्या उजेडातला फोटो मागवा. कव्हर बदललेलं असू शकतं, कोरलेला आकडा मात्र त्याच तबकडीचा असतो.

फेरिक९०

बी बाजू ३.१ टक्के जलद निघाली. वेग कमी करून दोन्ही शेजारी लावली, गाण्याचं प्रत्येक वळण जुळलं. नकल्सचंच आहे.